मोटारसायकल, वारा आणि गाणे

बेळगावाहून पुणे-बंगळूर हमरस्त्याने उत्तरेकडे निघालेला मोटारसायकलस्वार काकती, हत्तरगी, संकेश्वर ही गावे मागे टाकतो, तवंदीचा घाट ओलांडतो आणि सुमारे पाऊणशे किलोमीटरांच्या प्रवासानंतर निपाणीस येऊन पोहोचतो. एके काळी या भागात मोटारसायकल म्हणजे निव्वळ कामाचे वाहन होते. तंबाखूच्या बाजाराला जाणारा शेतकरी, वसुलीला निघालेला व्यापारी, कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, यांच्यापुरतीच तिची गरज असे. आता प्रवास हाच ज्यांचा छंद आहे असा एक वर्ग निर्माण झाला आहे. पावसाळ्यात संकेश्वरहून गडहिंग्लज-आजऱ्यामार्गे आंबोलीला, हिवाळ्यात चोर्ला घाटाने गोव्याला, असे दूरचे पल्ले ही मंडळी हौसेने गाठतात. लांबचा रस्ता आला की सोबत आली, आणि एकट्या स्वाराला गाण्याइतकी चांगली सोबत दुसरी नाही. त्यामुळे मोटारसायकलवर स्पीकर बसविण्याची, किंवा मुळात असलेले काढून अधिक जोरकस बसविण्याची हौस वाढली, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

तथापि या हौसेचा शेवट पुष्कळदा निराशेत होतो. घराच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर जे गाणे सुरेल आणि भरदार वाटते, तेच गावाबाहेर पडून ताशी ऐंशी किलोमीटरांचा वेग घेताच कोठल्या कोठे नाहीसे होते. स्वार आवाज वाढवितो. काही वेळाने तो कर्कश होतो, शब्द फाटू लागतात, आणि तरीही गाणे समजत नाहीच. मग दुकानात चौकशी होते, आणि तेथे बहुधा एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे अधिक वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. पैसा खर्ची पडतो, गाडीवर वजन वाढते, बॅटरी लवकर बसते. परंतु मूळ तक्रार बव्हंशी तशीच राहते. असे का व्हावे, याचा शांतपणे विचार केला, तर पुष्कळ खर्च आणि त्याहून मोलाची एक गोष्ट वाचविता येण्यासारखी आहे.

चालत्या वाहनात संगीत ऐकण्याची कल्पना तशी नवी नाही. आज सर्वत्र वापरला जाणारा स्पीकर, म्हणजे लोहचुंबकाच्या पोकळीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला पडदा, ही रचना अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली सिद्ध केली. पुढे पाचच वर्षांत, १९३० साली, मोटारीत बसविण्याजोगा 'मोटोरोला' नावाचा रेडिओ अमेरिकेत विक्रीस आला. त्या काळच्या निर्वात नळ्यांना उच्च दाबाची वीज लागे व ती बॅटरीपासून मिळविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बसवावी लागे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढे बॅटरीच्या अल्प दाबावर थेट चालणारे रेडिओ शक्य झाले. मोटारसायकलची पाळी यानंतर आली. होंडा कंपनीने १९८० साली 'गोल्डविंग इंटरस्टेट' ही लांब पल्ल्याची गाडी वाऱ्याला अडविणाऱ्या कवचासह बाजारात आणली, आणि तिला ध्वनियोजना जोडून घेण्याची सोय ठेवली. या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की कवच आणि गाणे ही एकमेकांच्या सोबतीने आली. वाऱ्याला अडविल्यावाचून गाणे ऐकू येत नाही, हे त्या गाडीच्या रचनेतच दिसून येते.

मोटारसायकलवरील संगीताचा खरा प्रतिस्पर्धी इंजिनाचा आवाज नसून वारा आहे. शिरस्त्राणाच्या कडांवरून आणि हनुवटीखालून वाहणारा वारा भोवरे निर्माण करतो, आणि त्या भोवऱ्यांचा घरघराट थेट कानाशी होत राहतो. ब्रिटनमध्ये यासंबंधी मोजमापे घेण्यात आली. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत कानापाशी सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० किलोमीटर वेगाला सुमारे ११० डेसिबल एवढा आवाज त्यांत आढळला. ताशी शंभरच्या आसपास हा आकडा शंभर डेसिबलांच्या घरात जातो. शिवाय हा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो, आणि खालच्या स्वरांचा मोठा गोंगाट वरच्या स्वरांनाही झाकून टाकतो, हा मानवी श्रवणाचा गुणधर्म आहे. म्हणून तबल्याचा डग्गा तर बुडतोच, पण गायकाचे शब्दही त्या घरघराटात हरवतात.

येथे संगीताच्या प्रकाराचाही संबंध येतो. बेळगावचा परिसर गाण्याचा चाहता आहे. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी बेळगावाजवळच आहे, आणि धारवाड-हुबळीकडील थोर गवयांची परंपरा या भागाला परकी नाही. परंतु ज्याने ख्यालगायन मोटारसायकलवर ऐकण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला एक अनुभव हमखास आला असेल. विलंबित आलाप, तंबोऱ्याचा झंकार, स्वरावर हळुवार टेकणारा आवाज हे काहीच ऐकू येत नाही, आणि द्रुत तानांचा तेवढा भाग अचानक कानावर आदळतो. ख्यालात अतिमृदू आणि अतितीव्र आवाजांमध्ये फार मोठे अंतर असते. वाऱ्याच्या पातळीखाली गेलेले सारे स्वर श्रोत्याच्या दृष्टीने नाहीसेच होतात. चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण मात्र असे केलेले असते, की त्यातील आवाज आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर राहतो. म्हणून ते वाऱ्यातही तग धरते. भाषण, कीर्तन, भावगीत आणि चित्रपटगीत रस्त्यावर ऐकावे, आणि ख्याल मुक्कामी पोहोचल्यावर ऐकावा, हा विवेक कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

आता वॅटचा हिशेब पाहू गेल्यास दुकानातील सल्ला किती तोकडा आहे ते कळून येते. कानाला जाणवणारा आवाज वॅटच्या प्रमाणात वाढत नाही. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलांनी वाढतो, आणि हा फरक बारकाईने ऐकणाऱ्यालाच नीट जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलांची वाढ, म्हणजेच दसपट शक्ती लागते. वीस वॅटच्या जागी चाळीस वॅटचे यंत्र बसवून ज्याने दुप्पट आवाजाची अपेक्षा केली, त्याची फसवणूक दुकानदाराने केली असे म्हणता येत नाही. गणिताने केली असे म्हणता येईल. उलट स्पीकर कानापासून जितक्या अंतरावर आहे त्याच्या निम्म्या अंतरावर आणला, तर मोकळ्या हवेत ६ डेसिबलांचा लाभ होतो, आणि तो चौपट शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरइतका असून फुकट आहे.

यावरून सुधारणेचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम वारा, मग स्पीकर आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, असा तो क्रम होय. बहुतेक जण तो नेमका उलटा लावतात.

वाऱ्यासाठी पुढील पारदर्शक पडदा, ज्याला सर्वजण विंडस्क्रीन म्हणतात, तो स्वाराच्या उंचीला जुळणारा हवा. पडद्याच्या वरच्या कडेवरून निघालेला खवळलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळत असेल, तर पडदा नसता तर बरे, अशी स्थिती होते. थोडा उंच, थोडा ठेंगणा किंवा किंचित निराळ्या कोनात बसविलेला पडदा हा त्रास दूर करू शकतो. उभे राहून व वाकून आवाजात काय फरक पडतो, एवढे एखाद्या सुरक्षित, मोकळ्या जागी मंद वेगात पाहिले तरी पडद्याची उंची कोणत्या बाजूस बदलावी याचा अंदाज येतो. हेल्मेटही डोक्यावर नीट बसणारे आणि हनुवटीखाली फट न ठेवणारे असावे.

स्पीकर निवडताना त्यावर लिहिलेल्या वॅटच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता त्याची संवेदनक्षमता पाहावी. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, याचा तो आकडा असतो. एका स्पीकरची संवेदनक्षमता ८६ आणि दुसऱ्याची ९२ असेल, तर दुसरा स्पीकर पहिल्याच्या चौथाई विजेत तेवढाच आवाज देतो. ज्या वाहनावर वीज मोजकीच आहे, तेथे या सहा डेसिबलांचे मोल फार आहे. स्पीकर शक्य तितका पुढे, कानांच्या रोखाने वळलेला असावा. कारण उंच स्वर सरळ रेषेत जातात आणि तोंड वळवलेल्या स्पीकरमधून ते कानापर्यंत पोहोचत नाहीत. मागील सामानाच्या पेटीवरील स्पीकर पाठीमागे बसणाऱ्यास उपयोगी पडतात, स्वाराला त्यांचा लाभ थोडाच होतो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागील बाजूस उलट लहर निर्माण होते. या दोन लहरी मोकळ्या हवेत एकमेकींना भेटल्या की खालचे स्वर परस्परांना खोडून टाकतात. म्हणून स्पीकर नुसता पट्टीवर न टांगता त्यामागे बंद कप्पा असावा आणि कडेची फट रबराच्या पट्टीने बुजविलेली असावी. या भागातील पाऊस लक्षात घेता कागदी पडद्याचा स्पीकर टिकणार नाही. प्लॅस्टिकच्या जातीचा पडदा आणि रबरी कड असलेला, पाण्यापासून सुरक्षित असा स्पीकरच घ्यावा. कप्प्याच्या तळाशी पाणी निथळण्यास वाट ठेवावी, नाहीतर आंबोलीच्या एकाच फेरीत त्याचे टाके होते.

आता अ‍ॅम्प्लिफायर. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि इंजिन चालू असता हा दाब चौदाच्या थोडा वर जातो. एवढ्या दाबावर थेट चालणारे यंत्र ४ ओहमच्या एका स्पीकरला, दोन्ही टोकांनी वीज ढकलणाऱ्या ब्रिज पद्धतीने जोडले तरी, शुद्ध स्वरूपात सुमारे २६ वॅटच देऊ शकते. याहून अधिक द्यावयाचे तर एक तर २ ओहमचा स्पीकर घ्यावा लागतो, किंवा यंत्राच्या आतच विजेचा दाब वाढविण्याची व्यवस्था असावी लागते. जुन्या नळ्यांच्या रेडिओत जी गरज होती, तीच येथे निराळ्या रूपाने परत येते. तेव्हा काडेपेटीएवढ्या डब्यावर 'एक हजार वॅट' असे छापलेले दिसले, तर त्या डब्याच्या फ्यूजकडे नजर टाकावी. फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर बॅटरीतून त्या डब्यात सतत जाऊ शकणारी शक्ती दीडशे वॅटच्या आतच आहे, आणि जेवढे आत जात नाही तेवढे बाहेर येऊ शकत नाही.

यंत्र 'क्लास डी' जातीचे घ्यावे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. या नव्या पद्धतीत शंभरातील ऐंशी-पंच्याऐंशी भाग उपयोगी पडतात. शंभर वॅट आवाजासाठी पहिले यंत्र सुमारे पंधरा अँपिअर खेचील, तर दुसऱ्याचे काम नऊ अँपिअरच्या आत भागेल. त्याचबरोबर शंभर हर्ट्झच्या खालचे स्वर गाळून टाकणारी चाळणी, म्हणजे फिल्टर, चालू ठेवावी. ते स्वर लहान स्पीकर काढू शकत नाही, वारा ते ऐकू देत नाही, आणि बहुतेक वीज मात्र तेच खातात. आवाज फाटू लागणे ही यंत्राची कुवत संपल्याची खूण आहे. अशा वेळी लहरींचे माथे छाटले जातात, त्यातून अनेक खोटे उंच स्वर उत्पन्न होतात, आणि वरच्या स्वरांचा लहान स्पीकर जळतो. तो जळण्याचे कारण म्हणून पुष्कळदा जादा शक्तीला दोष दिला जातो. खरा दोष कुवतीबाहेर ताणलेल्या दुबळ्या यंत्राचा असतो.

जोडकाम हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अ‍ॅम्प्लिफायरची धन तार थेट बॅटरीपासून घ्यावी, आणि तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा. म्हणजे तार कोठे घासून चौकटीला टेकली तरी आग लागणार नाही. तार अडीच चौरस मिलिमीटरची असावी. बारीक तारेत दाब वाटेतच खर्च होतो. किल्ली बंद करताच यंत्रही बंद व्हावे, यासाठी मध्ये रिले ठेवावा. नव्या गाड्यांतील मूळ तारा कापून त्यांत जोड देऊ नयेत. त्या गाड्यांचे दिवे, ब्रेक आणि इंजिन यांचे नियंत्रण त्याच जाळ्यातून चालते. गाडी उभी करून गाणी लावण्याचा मोहही आवरावा. नऊ अँपिअर-तासांची बॅटरी पाच अँपिअरच्या मागणीला दोन तासही पुरत नाही, आणि इंजिन सुरू करण्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. इंजिन मंद चालू असताही वीज कमीच निर्माण होते, हे शहरातील गर्दीत अडकलेल्या स्वाराने ध्यानी ठेवावे.

इतके सारे यथासांग केले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. आरंभी ज्या मोलाच्या गोष्टीचा उल्लेख आला, ती म्हणजे कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यास चाळीस तास ऐकला तर चालतो. यापुढे दर ३ डेसिबलांना हा वेळ निम्मा होत जातो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाला कानापाशी पंच्याण्णव-शहाण्णव डेसिबल धरले, तर हिशेबाने आठवड्याचा वाटा एका तासाचा उरतो. बेळगाव ते निपाणी हे अंतर या वेगाने साधारण तेवढ्याच वेळाचे आहे. म्हणजे एकाच दिशेच्या एका फेरीत, गाणे मुळीच न लावता, कानाचा आठवड्याचा शिधा संपतो. त्यावर वाऱ्याइतक्याच आवाजाचे गाणे लावले, तर तो अर्ध्या तासात संपतो. अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. प्रथम वरचे स्वर जातात, मग गर्दीत बोललेले शब्द अस्पष्ट होतात, आणि ज्याच्या हौसेसाठी हा खटाटोप केला ते गाणेच कायमचे बोथट होते.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो प्रथम ऐकताना उलटा वाटतो. कानांत मऊ बोळे नीट बसविले, तर वारा आणि गाणे दोन्ही पंधरा-वीस डेसिबलांनी खाली येतात. परस्परप्रमाण बव्हंशी तेच राहते, आणि ताण हलका झालेल्या कानाला शब्द पुष्कळदा अधिक स्वच्छ ऐकू येतात. हेल्मेटच्या आत बसविण्याच्या लहान स्पीकरांना वीज अत्यल्प लागते आणि शेजाऱ्याला त्यांचा उपद्रव नाही, हा त्यांचा गुण आहे. परंतु ते कानाला लागूनच असल्याने डेसिबलांचा हिशेब त्यांनाही चुकत नाही.

शेवटी रस्त्यावरील इतरांचा विचार. उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणी भागातील रस्ते दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. कित्येक ट्रॅक्टरांवर मोठमोठे स्पीकर असतात, आणि गाण्याच्या गजरात चालकाला मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही. या गोष्टीबद्दल मोटारसायकलस्वार नेहमी तक्रार करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु तोच दोष स्वतःच्या गाडीवर विकत घेऊन बसवावयाचा, हे विसंगत आहे. मागून येणाऱ्या बसचा भोंगा, आडरस्त्यावरून निघालेल्या बैलगाडीची हाक, स्वतःच्या इंजिनातील बदललेला आवाज, ही सारी स्वाराच्या रक्षणाची साधने आहेत. भोंगा ऐकू येईल एवढीच गाण्याची पातळी असावी, ही मर्यादा पाळण्याजोगी आहे.

गावातून जाताना तर कायद्याचीही मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे परिसराचे प्रमाण ठरलेले आहे, आणि रात्र दहापासून पहाटे सहापर्यंत मोजली जाते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतताक्षेत्र ठरविता येतो. हमरस्त्यावरून वळून वस्तीत शिरताना वेग कमी होतो, वारा थांबतो, आणि महामार्गासाठी वाढविलेला आवाज एकाएकी साऱ्या गल्लीला हादरवितो. काही महागड्या गाड्यांत वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-अधिक होण्याची सोय असते. जेथे ती नाही, तेथे वेशीवर अंगठ्याने बटण दाबण्याइतके भान स्वाराने ठेवावयाचे आहे.

सारांश, मोटारसायकलवरील संगीत सुधारणे म्हणजे आवाज वाढविणे नव्हे. गाण्याच्या आड येणारे जे आहे ते कमी करणे होय. वारा अडविला, स्पीकर जवळ आणि कानाच्या रोखाने आणला, तारा नीट ओढल्या आणि ख्याल मुक्कामासाठी राखून ठेवला, तर थोडक्या वॅटमध्येही प्रवास सुरेल होतो. हे न करता नुसती शक्ती वाढवीत जाणारा स्वार वाऱ्याशी अशी स्पर्धा लावून बसतो, की तीत वारा कधीही थकत नाही. थकतात ते कान.